कोलिस्टिनवरील बंदीचे कारण जंतूच्या आवरणात आहे

महोदय,

‘अँटिबायोटिक पुन्हा पुन्हा घेतले की शरीराला त्याची सवय होते’, हे वाक्य फोंड्यातील कोणत्याही फार्मसीत घटकाभर उभे राहिले तरी कानावर पडते. उच्च माध्यमिक विद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यानंतर हा समज मला निरुपद्रवी वाटत नाही. सवय शरीराला होत नसते. बदलतो तो जंतू, आणि तोही काही वेळा आपल्या आवरणावरील एका लहानशा रासायनिक फेरफाराने. दोष रुग्णाच्या शरीरावर टाकला, की असा जंतू घडला कुठे, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

माझे थोरले बंधू अतिदक्षता विभागात असताना, बाकीच्या औषधांचा गुण येईना म्हणून त्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सुरू करण्यात आले. त्या दिवसांत रोज त्यांच्या रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारे द्रव्य, तपासले जाई, कारण या औषधाने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. १९५० च्या सुमारास जपानमध्ये एका जिवाणूपासून मिळालेले हे औषध याच दोषामुळे १९७० च्या दशकात मागे पडले होते. पुढे क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू नव्या औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा डॉक्टरांना ते पुन्हा हाती घ्यावे लागले. आज जागतिक आरोग्य संघटनेने त्याला राखीव औषधांच्या गटात ठेवले आहे.

कोलिस्टिनचे सामर्थ्य त्याच्या रेणूच्या घडणीत आहे. त्यातील दहा अमिनो आम्लांपैकी सातांचे एक कडे झालेले असते, उरलेल्या तिघांची शेपटी असते आणि त्या शेपटीच्या टोकाला मेदाम्लाची साखळी जोडलेली असते; कडे आणि शेपटी मिळून पाच ठिकाणी धन प्रभार असतो. आता समोरची बाजू पाहावी. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या, म्हणजे आतल्या पटलाबाहेर आणखी एक आवरण असलेल्या जंतूंच्या, बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराईडचे, म्हणजे मेद आणि शर्करा जोडून झालेले, रेणू दाटीने उभे असतात. त्यांच्या फॉस्फेट गटांवर ऋण प्रभार असल्यामुळे त्यांनी खरे तर एकमेकांना दूर लोटायला हवे. परंतु मधल्या जागांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन बसलेले असतात आणि खाजन शेतीच्या बांधात दगडांमधला चिखल दगडांना धरून ठेवतो, तसे ते या रेणूंना धरून ठेवतात. कोलिस्टिन नेमके या आयनांनाच हुसकावून त्यांच्या जागी बसते. ते आकाराने कितीतरी मोठे असल्यामुळे बांधणी घट्ट राहत नाही, आवरण सैल पडते आणि मेदाम्लाची साखळी, साबणाच्या रेणूचे तेलकट टोक तेलात शिरावे तशी, आवरणाच्या मेदात शिरते. पाठोपाठ आतले पटल विस्कटते, पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात आणि जंतू मरतो.

धन प्रभाराचा भाग आणि मेदाम्लाची साखळी या दोन भागांची कामे वेगळी आहेत, हे प्रयोगानेही दिसले आहे. पॉलिमिक्सिन बी हे कोलिस्टिनचे सख्खे भावंड. दोघांत फरक फक्त कड्यातील एका अमिनो आम्लाचा. पॉलिमिक्सिन बीच्या टोकाचे मेदाम्ल, लगतच्या एका अमिनो आम्लासह, काढून टाकले की उरलेला रेणू बाह्य आवरण सैल करू शकतो, परंतु जंतूला मारण्याची त्याची शक्ती जवळजवळ संपते. ‘रचना आणि कार्य’ या धड्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माझ्या नोकरीत सापडले नाही.

जंतूने शोधलेला तोडही तितकाच नेमका आहे. २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी एमसीआर-१ या जनुकाचा शोध जाहीर केला. या जनुकापासून बनणारे विकर (एन्झाइम) आवरणातील फॉस्फेट गटाला फॉस्फोइथॅनॉलअमाईन जोडते, त्यामुळे तेथील ऋण प्रभार घटतो आणि धन प्रभाराच्या कोलिस्टिनला पकड मिळत नाही. हे जनुक प्लाझमिडवर, म्हणजे जंतूंमध्ये देवाणघेवाण होणाऱ्या डीएनएच्या लहान कड्यावर, असल्याने एका जंतूकडून दुसऱ्याकडे, प्रसंगी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही जाते. ते डुकरांत, कच्च्या मांसात आणि माणसांतही आढळले. जनावरांची वाढ लवकर व्हावी म्हणून त्यांच्या खाद्यात कोलिस्टिन मिसळले जात होते आणि त्यामुळे हे जनुक असलेले जंतूच तेथे तगत होते, हे लक्षात घेतले म्हणजे जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कुक्कुटपालन, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांसाठी त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी का घातली, हे कळते. कोंबडीच्या आतड्यातील जंतूला मिळालेले हे जनुक उद्या बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) रुग्णाच्या फुप्फुसातील जंतूकडे असू शकते.

आपल्याकडे कोंबड्या मोठ्या प्रमाणावर शेजारच्या राज्यांतून येतात, त्यामुळे केवळ गोव्यातील फार्म तपासून भागणार नाही. पशुसंवर्धन खात्याने आणि अन्न व औषध प्रशासनाने कोंबड्यांचे व कोळंबीचे खाद्य ठरावीक काळाने कोलिस्टिनसाठी तपासावे आणि अहवाल वृत्तपत्रांतून जाहीर करावेत, अशी माझी मागणी आहे. आपल्या दैनिकालाही एक विनंती: या विषयावरील बातम्यांत ‘शरीराला सवय झाली’ असे न छापता ‘जंतूमध्ये बदल झाला’ असे छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, फोंडा