सही माझी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अपंगांच्या अपत्यांविषयीचा लेख परवा दुपारी वाचला आणि त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. अपंग जोडप्याला मूल होऊ द्यायचे की नाही हे डॉक्टरांच्या समितीने ठरवावे, आणि समितीने नाही म्हटले तर 'कुटुंबीयांनी समंजसपणे' नसबंदीच्या शस्त्रक्रियेला संमती द्यावी, असे लेखकांचे म्हणणे. लेखक स्वतः डॉक्टर आहेत, वयाने मोठे आहेत, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण कुटुंबीयांची समंजस संमती कशी असते ते मला ठाऊक आहे. 2003 साली ती मी दिलेली आहे, माझ्या हाताने.

माझ्या धाकट्या बहिणीला अडीच वर्षांची असताना मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण ऐकू येणे गेले ते गेलेच. कर्णबधिरांच्या शाळेत ती सातवीपर्यंत शिकली, शिवणकाम शिकली, अमळनेरला दिली. मेहुणे जन्मापासून कर्णबधिर, सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. पहिल्या बाळंतपणात ती अडली आणि खासगी दवाखान्यात रात्री अकराच्या सुमारास सिझर करायचे ठरले. मेहुणे मेडिकलवर इंजेक्शने आणायला गेले होते. नर्स फाईल घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "डॉक्टर विचारताहेत, पोट उघडतोच आहोत तर फॅमिली प्लॅनिंगचं ऑपरेशनपण करून टाकायचं का? दोघंही मुके आहेत ना."

बहिणीच्या सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आते बस व्हयनं. दुसरं बी मुकं निंघनं ते कोन देखी?"

मी एवढेच म्हणालो, की तिला विचारायला पाहिजे. नर्स म्हणाली, "तिला काय कळणार? तुम्ही भाऊ ना? तुम्हीच करा सही." मी पेन घेतले. फायलीत दोन पाने अगोदर, दाखल करतानाच्या कागदावर, माझ्या बहिणीची सही होती. शाळेत बाईंनी घोटून घेतलेले वळणदार अक्षर, पूर्ण नाव, खाली सरळ रेघ. ती सही मला दिसली. ते पान उलटून मी पुढच्या पानावर माझी सही केली. तिला कमरेखालचीच भूल द्यायची होती. ती पूर्ण जागी होती, दारापासून दहा पावलांवर. वहीचे पान फाडून चार शब्द लिहिले असते तर तिने वाचून उत्तर दिले असते. कोणी लिहिले नाही. मीही नाही.

मुलगी झाली. तिला ऐकू येते. लेखात एक प्रश्न आहे, की बाळ रात्री रडले तर बहिऱ्या आईला कळणार कसे? लेखकांनी तो एखाद्या आईला विचारला असता तर बरे झाले असते. माझ्या बहिणीने जुन्या लुगड्याचा काठ फाडून लांब पट्टी केली होती. तिचे एक टोक झोळीला आणि दुसरे स्वतःच्या मनगटाला बांधून ती झोपायची. बाळाने हातपाय हलवले की पट्टी ओढली जायची. बाळ रडायला लागायच्या आत ही उठून बसलेली असायची, असे पुढे त्याच सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या.

तिला दुसरे मूल हवे होते. टाके सिझरचेच आहेत एवढेच तिला माहीत होते. भाची दोन वर्षांची झाल्यावर तिने उपास धरले, मनुदेवीला नवस बोलली. चैत्रात आपल्या खान्देशातून सप्तशृंगी गडावर पायी दिंड्या जातात, तशी तीही दोन वर्षे पायी गेली. धुळे, मालेगाव, देवळा, वर उन्हाचा कहर. दोन्ही वर्षे सोबतीला मी होतो. तिच्या पायाला फोड आले की मी सुईने फोडून पट्टी बांधायचो. ती कशासाठी चालते आहे ते मला माहीत होते आणि ते होणार नाही हेही मला माहीत होते. मी बोललो नाही. संपादकसाहेब, सही एका रात्रीत, घाबरून झाली असे मी स्वतःला सांगू शकतो. त्या दोन वाऱ्यांचे काय सांगू?

शेवटी मेहुण्यांनी पैसे जमवून तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेले. खुणा करून सांगायला मला बरोबर घेतले. नळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि मलाच विचारले, "यांचं ऑपरेशन झालंय, मग इथं कशाला आलात?" बहीण माझ्या हातांकडे बघत होती. आमच्या घरात दोन बोटांची कात्री ही कापड बेतायची खूण. ती खूण मी तिच्या पोटाकडे हात नेऊन केली. तिला पहिल्यांदा कळलेच नाही. मी परत केली. मग तिने हाताने विचारले, कोणी? मी माझ्या छातीवर बोट ठेवले.

त्यानंतर तीन वर्षे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली नाही. आई दर वर्षी तिच्या नावाने झोका बांधायची आणि संध्याकाळी सोडून ठेवायची. चौथ्या वर्षी ती आली, झोक्यावर बसली, मांडे करू लागली. त्या विषयावर आमच्यात आजवर एक खूणही झालेली नाही.

आता लेखातल्या मुद्द्यांबद्दल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्येच अशा शस्त्रक्रियांना मान्यता दिली, असे लेखकांनी मोठ्या विश्वासाने लिहिले आहे. तो खटला व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीचा. 'मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या' असे न्यायमूर्ती होम्स यांनी त्या निकालात लिहिले. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा हुशार मुलांच्या यादीत तिचे नाव लागले आणि आठव्या वर्षी ती आजाराने गेली. याचा लेखात उल्लेख नाही. कॅरीची धाकटी बहीण डोरिस, तिचाही उल्लेख नाही. तिच्यावर 1928 मध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि तिला सांगितले अपेंडिक्सचे ऑपरेशन. तिने लग्न केले, नवरा-बायकोने वर्षानुवर्षे मुलाची वाट पाहिली, खरे काय ते तिला म्हातारपणी कळले. हे वाचताना मला धुळ्याच्या डॉक्टरांची ती खोली आठवली. डोरिसला निदान सख्ख्या भावाने तरी फसवले नव्हते.

जर्मनीचे उदाहरण 'टोकाचे' म्हणून लेखकांनी बाजूला ठेवले आहे. पण 1933 च्या त्या जर्मन कायद्यात ज्या व्याधींसाठी सक्तीची नसबंदी होती, त्या यादीत आनुवंशिक बहिरेपण आणि अंधत्व स्पष्ट लिहिलेले होते. सुमारे 4 लाख माणसांवर ती झाली, आणि कोणावर करायची हे ठरवायला तिथेही डॉक्टर बसलेली मंडळेच होती. इतके लांब जायचे नसेल तर पुणे जिल्ह्यात जाऊ. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांच्या गर्भपिशव्या काढल्या. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिले. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मुलींचे करायला चार बायका जास्त नेमण्यापेक्षा पिशवी काढणे सोपे वाटले, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

आणि लेखक ज्या कायद्याची मागणी करतात त्याच्या अगदी उलट कायदा या देशात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 10 सांगते, की अपंग व्यक्तीची स्वतःची मोकळी आणि सगळे समजून दिलेली संमती असल्याशिवाय, मूल होण्याची क्षमता जाईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येणार नाही. त्याआधी 2009 मध्ये चंडीगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले होते. सरकारी संस्थेतल्या मतिमंद तरुणीवर अत्याचार झाला, दिवस गेले, उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मात्र मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश थांबवला, आणि मूल होऊ द्यायचे की नाही हा निर्णय घटनेच्या कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो असे सांगितले. वैद्यकीय व्यवसायात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही.

एक कबुली अजून द्यायची आहे. इतकी वर्षे कोणी विषय काढला की मी म्हणायचो, बहिणीचे बहिरेपण तापाने आलेले, ते मुलांत उतरलेच नसते, म्हणून ती शस्त्रक्रिया चूक. पोलिओ झालेल्यांच्या बाबतीतही लोक असेच समजावतात. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, हेही मी सांगायचो. सगळे खरे आहे. पण भाची कॉलेजला गेल्यावर तिने मला एकदा विचारले, "मामा, मला ऐकू आलं नसतं तर तुमची सही बरोबर ठरली असती का?" मी गप्प बसलो. तिच्या घरात सगळे हातांनी बोलतात, भांडणेसुद्धा हातांनी होतात, स्वयंपाक करता करता भांडण आले की आधी भाकरी तव्यावरून उतरवून ठेवावी लागते. त्या घरात कर्णबधिर लेकरू आले असते तर त्याची भाषा पहिल्या दिवसापासून तयार होती. माझ्या बहिणीला ती आमच्या घरात मिळाली नव्हती. आम्ही चार खुणा शिकलो, त्याही तिने शिकवल्या.

ज्यांना खरोखरच काही समजत नाही अशांचे काय, असे लेखक विचारतील. आमच्या गल्लीत अशा एका मुलीची आई आहे. मुलगी बावीस वर्षांची, आई शेतात मजुरीला गेली की घराला बाहेरून कडी. तिच्या मनात काय काय येते ते ती माझ्या बायकोला सांगते आणि मी तिला नावे ठेवणार नाही. पण दिवसभर त्या मुलीजवळ बसायला कोणीतरी मिळावे, ही तिची पहिली मागणी आहे. त्यावर लेखात एक ओळही नाही.

जाता जाता आणखी एक, कारण ते छापले जात नाही. सरकारी दवाखान्यांत, अपंगांचे दाखले मिळतात तिथेसुद्धा, खाणाखुणांची भाषा जाणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. कॉलेज बुडवून भाची आईबरोबर जाते. गेल्या वर्षी बहिणीला पाळी जाताना फार त्रास झाला. अंगावर किती जाते, किती दिवस जाते, नवऱ्याबरोबर संबंध आहेत का, हे सगळे डॉक्टरांनी त्या पोरीला विचारले आणि तिने आईला विचारून सांगितले. आईबापाच्या संसारातले हे प्रश्न पोटच्या पोरीने विचारायचे का? या विषयावर मी आपल्याला दोनदा लिहिले. दोन्ही पत्रे आली नाहीत, त्या जागी क्रिकेटच्या संघनिवडीवरची पत्रे आली. ही तक्रार आपल्याकडेच आहे.

हे पत्र टाकण्याआधी काल रात्री अमळनेरला जाऊन बहिणीला वाचायला दिले. तिने मशीन थांबवून दोनदा वाचले. मी एके ठिकाणी 'बिचारी' लिहिले होते, ते तिने कपड्यांवर खुणा करायच्या खडूने खोडले. गडाच्या वाटेचा मजकूर आला तिथे बराच वेळ थांबली, पण त्याला हात लावला नाही. छापायचे का, असे मी विचारले. तिने शेवटचे पान घेतले आणि खाली सही केली, पूर्ण नाव, खाली रेघ. ते पान सोबत जोडले आहे. आमची दोघांची नावे छापू नयेत, ही तिची अट आहे.

आपला,
एक वाचक
पारोळा, जि. जळगाव