पुरुषांच्या शौचालयात कचऱ्याचा डबा का नसतो?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत शौचावर ताबा न राहण्याच्या त्रासाविषयी लेख छापलात, त्याबद्दल आधी आभार. आता चित्राबद्दल. धोतर सावरत पळणारे आजोबा काढायचे कोणाला सुचले? हृदयविकाराच्या लेखाशेजारी छाती धरून कोसळणाऱ्या माणसाचे व्यंगचित्र आपण छापाल का? आणि लेखाखाली डायपरची अर्ध्या पानाची रंगीत जाहिरात. योगायोगच म्हणायचा.

लेखकाच्या मते हे म्हातारपणाचे दुखणे. मला ते भगंदराच्या शस्त्रक्रियेनंतर चाळिशीतच जडले. त्या शस्त्रक्रियेत गुदद्वाराच्या स्नायूला इजा होऊ शकते, हे सही घेताना कोणी बोलले नव्हते. माझ्या वहिनींना पहिल्या बाळंतपणात चिमटा लावला, तेव्हा तोच स्नायू फाटला. ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ असे सांगून त्यांची बोळवण झाली. म्हाताऱ्यांचे म्हणाल, तर अनेकदा मूळ दुखणे बद्धकोष्ठाचे असते. आत खडा साठतो, त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि घरचे जुलाब समजून जुलाब थांबवण्याची गोळी देतात! ही एवढी ओळ तरी लेखात हवी होती.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचे लग्न होते. कार्यालयात पाऊल ठेवताच मी शौचालय शोधून ठेवतो, तसे ठेवले होते. ऐन मंगलाष्टकांत गरज लागली, तर दाराला कुलूप. किल्ली व्यवस्थापकाकडे. तो म्हणाला, “काका, पाचच मिनिटं. अक्षता पडल्या की देतो.” पाच मिनिटे थांबवता आले असते, तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. पुढचे सांगत नाही. आत डबा नव्हता. पुरुषांच्या शौचालयात तो नसतोच. वापरलेले पॅड आपल्याच वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले (अंक हल्ली इतका पातळ निघतो की त्याला दोन पाने लागली) आणि ती पिशवी मांडीशी धरून पंगतीला बसलो. जिलेबी नको, मठ्ठा नको म्हटल्यावर व्याह्यांनी विचारले, “साखर आहे वाटतं?” मी मान हलवली. मधुमेह सांगता येतो.

पुढे एका डॉक्टरांनी मला 29 प्रश्नांचा कागद भरायला दिला. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी 2000 साली तो प्रसिद्ध केला. घराबाहेर पडण्याआधी जेवण कमी करता का, नव्या जागी गेल्यावर आधी शौचालय कुठे ते बघता का, असे त्यातले प्रश्न. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलेच नव्हते. त्यानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम आणि बायोफीडबॅक (स्नायू किती आवळला जातो ते यंत्रावर बघत करायचा सराव) सुरू झाले. दुखणे गेले नाही, पण एसटीने कोल्हापूरला जाऊन येतो. फाटलेला स्नायू शस्त्रक्रियेने सांधता येतो, कण्याच्या टोकाजवळच्या नसांना विद्युतस्पंदने देणारे यंत्रही बसवता येते. आपल्या लेखात इसबगोल होते आणि डायपर होते.

डायपरचेही ऐका. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी 2018 मध्ये रद्द झाला, ते योग्यच झाले. मोठ्यांच्या डायपरवर मात्र सप्टेंबर 2025 पर्यंत 12 टक्के होता. आता 5 आहे. तो तरी कशासाठी?

नगरपालिकेने आणि कार्यालयवाल्यांनी पुरुषांच्या प्रत्येक शौचालयात झाकणाचा एक डबा ठेवावा आणि किल्ली दारालाच असू द्यावी. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

माझे नाव कृपया छापू नये. व्याही आपलाच अंक घेतात.

– एक वाचक, सातारा