सोहमच्या स्कॅनबद्दल वहिनीला

फिलाडेल्फिया

प्रिय वहिनी,

सा. न. तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोनवर बोलायला बसले तर दादा मधेच व्हिसाचं काढेल, म्हणून सरळ लिहायला घेतलं.

सोहमला ऑटिझम आहे, तो अजून बोलत नाही, म्हणून त्याला इकडे आणून मेंदूचा स्कॅन करून घ्यावा का, असं विचारलंयस. नको. कर्ज काढून तर मुळीच नको. आम्ही इथे स्कॅन करतो ते अभ्यासासाठी, त्यातून एकेका मुलाचं निदान होत नाही. पुष्कळ मुलांची सरासरी काढली की कुठे फरक दिसतो. एकट्या सोहमचा आलेख बघून तो कधी बोलेल हे इथलंही कुणी सांगू शकणार नाही. पुण्यातल्या त्या सेंटरने ‘ब्रेन मॅपिंग’वरून सांगतो म्हटलं, ते कशाच्या जोरावर, देव जाणे.

मग आम्ही करतो तरी काय? सोहमची ऐकण्याची बेरा टेस्ट नॉर्मल आली आणि डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, आठवतंय ना? आवाज कानातून निघून मेंदूच्या देठापर्यंत नीट पोचतो की नाही, एवढंच बेरात कळतं. पहिल्या 10 मिलिसेकंदांचा हिशेब. आवाजाची उकल होते ती वर, मेंदूच्या बाहेरच्या थरात. तिथे तो उमटायला साधारण 100 मिलिसेकंद लागतात, लहान मुलांत त्याहून जास्त. ते मोजतं एमईजी नावाचं यंत्र. इथल्या चिल्ड्रन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फियामधल्या टिमोथी रॉबर्ट्स यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं, की ऑटिझम असलेल्या मुलांत हा प्रतिसाद सरासरी 11 मिलिसेकंद उशिरा येतो. आता यावरून लगेच ‘म्हणून तो बोलत नाही’ असं धरून बसू नकोस. इतका सरळ हिशेब नाही तो.

गोम पुढेच आहे. मेंदूच्या असल्या अभ्यासांत घेतलेली मुलं बहुतेक बोलणारी, सांगितलं की स्वस्थ राहणारी. ऑटिझमचं पहिलं वर्णन करणारे डॉक्टर लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं, त्यातली 3 बोलत नव्हती. म्हणजे सोहमसारखी मुलं पहिल्या पानापासून आहेत, आणि स्कॅनच्या खोलीत मात्र त्यांना मज्जाव! कारण काय, तर ती हलतात. रॉबर्ट्स यांच्या गटाने अगदी कमी बोलणाऱ्या, 8 ते 12 वर्षांच्या मुलांचं काम 2019 मध्ये छापलं. त्यांचा प्रतिसाद बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलांपेक्षाही उशिरा येत होता.

एमआरआयसारखी ठोकाठोक या एमईजी यंत्रात नसते. ते अंगात काही सोडत नाही, नुसतं मेंदूचं चुंबकत्व टिपतं, आणि ते पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण. म्हणून जाड दाराची वेगळी खोली, आणि आतले सेन्सर उणे 269 अंशांच्या द्रव हेलियमने थंड ठेवलेले. मुलाला दिसतो तो फक्त पार्लरमधल्या केस वाळवायच्या टोपासारखा एक मोठा टोप. पण बाई गं, त्या टोपात डोकं घालायला लावणं!

परवा एक मुलगा आला होता, साधारण सोहमएवढाच. घरी आधीच खोलीचे फोटो आणि टिक-टिक आवाजाची क्लिप पाठवली होती. आईवडिलांना विचारून ठेवलं होतं, त्याला काय आवडतं, तो कशाने बिथरतो. नाकाच्या वर आणि कानांपाशी छोट्या कॉइल चिकटवाव्या लागतात, डोकं किती हललं ते कळायला. तो चिकटवली की काढायचा. मग आम्ही आईला चिकटवल्या, मला चिकटवल्या, त्याच्या हातात टेप दिली. त्याने माझ्या कपाळावर तीन थर चढवले. शेवटी स्वतःला लावून घेतली आणि वॉशिंग मशीनमध्ये कपडे फिरतानाचा बिनआवाजाचा व्हिडिओ बघत आत पडून राहिला. कानात टिक-टिक चालू. त्याने काही बोलायची, बटण दाबायची गरज नाही. झोपेचं औषधही नाही.

वहिनी, हे सगळं तुला सांगलीत फुकट करता येईल. सलूनमध्ये केस कापताना होणारा तमाशा घे. दुकानाचे, खुर्चीचे, केस कापणाऱ्याचे फोटो काढ, मशीनची घरघर मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी हळू आवाजात लाव, आधी दादाच्या मानेवरून मशीन फिरवू दे. वेळ लागेल. चित्रावर बोट ठेवून हवं ते सांगायचे तक्तेही वापर. तक्त्यांमुळे बोलणं मागे पडतं हा आजीचा धाक खरा नाही, खुशाल वापर.

आणि ऑटिझमवर स्टेम सेलच्या, म्हणजे मूळपेशींच्या, उपचाराचं कुणी काढलं तर पैसे देऊ नकोस. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमांप्रमाणे रक्ताचे आणि इतर काही ठरावीक आजार सोडले तर ते उपचार म्हणून विकताच येत नाहीत, फक्त चाचणीत, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

तिकिटाच्या पैशांतून स्पीच थेरपीचे वार वाढव. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर दादाच्या मागे लाग. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्यविम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसकट. फॉर्म अडला तर फोटो पाठव, रात्री बघून देईन.

ती. आईबाबांना नमस्कार. सोहमला पापा.

तुझी,
मेघना