पेठेतली अवजड वाहने पाटीने थांबणार नाहीत

संपादक महोदय,

जुन्या बाजारपेठेत कोंडी झाली की रस्ता रुंद करण्याची मागणी हमखास पुढे येते. पण अडीच मीटर रुंदीचा ट्रक सरळ रस्त्यावर कसाबसा निघून जातो, तो अडतो वळणावर. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात. युरोपीय नियमाप्रमाणे अवजड वाहनाला बाहेरची त्रिज्या १२.५ मीटर आणि आतली ५.३ मीटर असलेल्या कड्यात वळता आले पाहिजे. म्हणजे नियमात बसणारे वाहनही वळणावर ७.२ मीटरपर्यंत जागा घेऊ शकते! पेठेतला कोपरा अनेकदा त्याच्या निम्माही नसतो. मग चाक फरसबंदीवर चढते आणि हौद्याची वरची कड सज्जाला घासते.

फरशीखालचे नुकसान तर दिसतही नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांच्या चाचण्या झाल्या. आसावरचा भार वाढला की झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते, हा ठोकताळा त्यांतूनच निघाला. अर्ध्या टनाच्या जागी दहा टन आले तर भार वीस पट होतो आणि झीज सुमारे १,६०,००० पट. जुनी विटांची गटारे या भाराखाली फुटतात, झिरपणारे पाणी माती वाहून नेते आणि शेजारच्या भिंतीचा पाया खचतो. तडा दिसला की सगळा दोष हादऱ्यांना दिला जातो. आधी गटार तपासायला हवे. हादऱ्यांचे मोठे कारण म्हणजे रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली-वर बसलेली गटाराची झाकणे आणि खड्डे. ती पातळीत आणणे हे सर्वात कमी खर्चाचे काम आहे, त्यामुळे तेच पहिले व्हावे.

बाह्यवळण मागण्याआधी मोजणी करावी. गावाच्या प्रत्येक वेशीवर दोन माणसे बसवून एका कामाच्या दिवशी सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत प्रत्येक ट्रकच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आसांची संख्या आणि वेळ टिपावी. तोच क्रमांक वीस मिनिटांत दुसऱ्या वेशीवर दिसला तर तो ट्रक नुसता गावातून पार गेला. बाह्यवळणाचा उपयोग फक्त अशाच ट्रकना. उरलेले माल उतरवायला येतात, त्यांच्यासाठी वेशीबाहेर उतरवण्याची जागा, तिथून पुढे लहान टेम्पो आणि ठरलेल्या वेळा लागतात.

वजनमर्यादेची पाटी लावून भागत नाही. तिच्याखाली ‘माल उतरवणाऱ्यांना सूट’ असे लिहिलेले असते, आणि कोणता ट्रक माल उतरवणार आणि कोणता पार जाणार, हे पाहून कोणत्याही पोलिसाला सांगता येत नाही. रुंदीचे बंधन मात्र आपोआप पाळले जाते, कारण २.१ मीटर अंतरावर रोवलेल्या दोन लोखंडी खांबांमधून ट्रक जातच नाही. अग्निशमन बंबही अडू नये म्हणून त्यातला एक खांब कुलपाचा, काढता येणारा ठेवावा. किल्ली अग्निशमन केंद्रात असावी आणि दर महिन्याला खांब प्रत्यक्ष काढून पाहावा, कारण तळाच्या खोबणीत माती साचली की ऐन वेळी तो हलत नाही.

— एक वाचक