चिपटं, मापटं आणि पाच आण्यांचा गूळ : नौपाड्यातल्या एका वहीसाठी आवाहन

ठाणेकर भगिनींनो आणि बंधूंनो, सप्रेम नमस्कार.

आमच्या महिला मंडळाच्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक जाडजूड वही आहे. 1955 पासून पुढे पंचवीसेक वर्षं मंडळात येणाऱ्या बायकांनी तिच्यात आपापल्या घरचे पदार्थ लिहून ठेवले. ठाण्यात तेव्हा नगरपालिका होती, महानगरपालिका झाली ती 1982 मध्ये. माणूस आळीवरून ओळखला जाई, त्यामुळे वहीत नावं जवळजवळ नाहीतच. 'खारकर आळीतल्या वहिनींचं निनावं', 'चेंदणीच्या मावशींचा जवळा', 'चरईतल्या थोरल्या काकूंचं बिरडं' एवढंच. 1962 नंतर वागळे इस्टेटमध्ये कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग वहीत जळगावचं भरीत आणि कोल्हापूरचा पांढरा रस्साही आला.

निनाव्याच्या, म्हणजे गूळ आणि नारळाच्या रसातल्या त्या गोड पदार्थाच्या, पानावर तूप सांडलेलं आहे, पलीकडची अक्षरं अलीकडे दिसतात. त्यावर लिहिलंय : 'गूळ पाच आण्यांचा, जांभळी नाक्यावरचा. नारळ दोन, मोठे. रस दाट काढावा. खाली विस्तव, वर झाकणीत निखारे. मधे उघडून पाहू नये.' कडेला दुसऱ्या शाईत, बारीक अक्षरात : 'थोरला मॅट्रिक पास झाला त्या दिवशी केलं.'

पाच आण्यांचा गूळ म्हणजे किती, हे आज आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही. 1957 च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आले, पण बायकांचा हात चिपट्या-मापट्यावरच, म्हणजे धान्य मोजायच्या जुन्या भांड्यांवरच, बसलेला होता. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, हे आम्हांला पाठ आहे. पण लिहिणारीचा शेर मापी (भांड्यानं मोजलेला) की वजनी, हे वहीवरून कळत नाही. ज्यांना ते विचारता येईल अशा आज्या आता नव्वदीच्या घरात आहेत. गेल्या वर्षात त्यांतल्या दोघी गेल्या. म्हणून ही घाई.

26 जुलै 2005 च्या पावसात वहीची पेटी भिजली. शेवटची चाळीसेक पानं एकमेकांना चिकटली आहेत आणि शाई पसरली आहे. ती घरच्या घरी सोडवायचा प्रयत्न आम्ही मुद्दामच केला नाही, हे काम जाणकाराच्या हातूनच व्हायला हवं. त्यानंतर सगळी वही स्कॅन करून, प्रत्येक पदार्थ एकदा तरी शिजवून पाहून, दिवाळीआधी तिचं पुस्तक छापायचं आहे. मूळ शब्द जसेच्या तसे राहतील, आजची मापं फक्त शेजारी येतील.

यासाठी आपली मदत हवी आहे. पुस्तकाची प्रत 300 रुपये भरून आगाऊ नोंदवा. ज्यांना जास्त देणं शक्य आहे त्यांनी पानं सोडवण्याच्या खर्चाला हातभार लावावा. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल.

पण पैशांइतकीच आम्हांला माणसं हवी आहेत. आपली आई, आजी, सासू या मंडळात येत असेल तर एकदा येऊन अक्षर पाहून जा. खारकर आळीतल्या त्या वहिनी कोण, त्यांचा थोरला कोण, हे कुणीतरी नक्की सांगू शकेल. घरच्यांची हरकत नसेल तर पुस्तकात त्यांचं नाव घालू. बाहेर पडणं ज्यांना जमत नाही अशा आज्यांकडे आमच्या दोघी घरी येऊन बसतील, त्यांच्या सवडीनं. मोडी वाचणारे कुणी असतील तर तेही हवेत, मागच्या पुठ्ठ्यावर चार ओळी मोडीत आहेत. त्या हिशेबाच्या आहेत की मसाल्याच्या, तेही अजून उलगडलेलं नाही.

मंडळाची खोली मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी 4 ते 6 उघडी असते. घटस्थापनेपर्यंत केव्हाही या. माळ्यावर जुनं पितळी किंवा लाकडी मापटं, चिपटं पडलेलं असेल तर तेवढ्यापुरतं घेऊन या. तांदूळ आणि वजनकाटा आम्ही तयार ठेवला आहे. भरून, तोलून, नोंद करून लगेच परत देऊ.