खालच्या मजल्यावरच्या ताई, आमचं मशीन आता जागेवर उभं राहतं

ताई,

तुम्हाला समोरासमोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. आणि खरं सांगायचं तर ज्यांच्या घरी वॉशिंग मशीन आमच्यासारखंच स्पिनला आदळआपट करतंय त्यांच्यापर्यंत तुम्ही सांगितलेलं पोचावं असंही मनापासून वाटतं.

आमच्याकडे जो मेकॅनिक येऊन गेला होता त्याने मशीन चालू करून आवाज ऐकला, "बेअरिंग गेलंय, यात पैसे घालू नका, नवीन घ्या" एवढं बोलला आणि गेला. (बेअरिंग म्हणजे कपड्यांचा ड्रम ज्याच्यावर फिरतो तो भाग.) आम्ही नवीन घ्यायच्या विचारात होतो सुद्धा. तुम्ही वर आलात तेव्हा मला वाटलं तक्रार घेऊन आलात, कारण स्पिन लागला की तुमच्या डोक्यावर काय होत असेल याची आम्हाला कल्पना होती, आणि तुम्ही आल्या आल्या विचारलंत काय तर "आवाज नक्की कधी येतो? कपडे घुसळताना, पाणी बाहेर टाकताना, का स्पिनला?" हा प्रश्न तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता!

मग तुम्ही समजावलंत की आवाजाच्या वेळेवरूनच अर्धं निदान होतं. पाणी बाहेर टाकतानाच खडखड येत असेल तर खालच्या फिल्टरपाशी किंवा पंपात नाणं, बटण, हेअरपिन असलं काहीतरी अडकलेलं असतं. हळू फिरतानाही कर्रकर्र घासल्यासारखं येत असेल तर ड्रम, म्हणजे कपडे टाकतो ते फिरणारं भांडं, आणि त्याच्या बाहेरचा न फिरणारा टब यांच्या फटीत काहीतरी गेलेलं असू शकतं, बऱ्याचदा ब्राची तार. बेअरिंगचा आवाज मात्र वेगळा, तो सलग घरघर येतो, स्पीड वाढला की वाढत जातो आणि मशीन रिकामं असलं तरी येतोच. आमचा आवाज होता धाड धाड धाड, स्पिन सुरू होताना आणि तोही कपडे आत असले तरच. तुम्ही रिकाम्या मशीनला स्पिन लावलात, बऱ्यापैकी शांत फिरलं. मग प्लग काढून ड्रमची कड आतून धरून वर उचलून बघितलीत. ड्रम आणि टब एकत्र हलले तर चालतं कारण अख्खा टब स्प्रिंगवर लटकलेला असतो, पण टब जागेवर आणि ड्रम एकटाच खालीवर हलला तर बेअरिंगवर संशय घ्यायचा. आमचा एकटा हलत नव्हता. बेअरिंग ठणठणीत. नव्या मशीनचा विचार त्या क्षणी डोक्यातून गेला ताई, आणि त्यासाठी मशीनचा एक स्क्रूही काढावा लागला नव्हता.

मला सगळ्यात आवडलं ते तुम्ही कागदावर करून दाखवलेलं गणित. तुम्ही इतकी वर्षं कारखान्यात मोठे पंखे बॅलन्स करायचं काम केलंत हे तेव्हाच कळलं मला. अर्धा किलो ओले कपडे एका बाजूला गोळा झाले, ड्रमच्या मध्यापासून २५ सेंटीमीटरवर, आणि ड्रम मिनिटाला १००० वेळा फिरतोय, तर बाहेर ओढणारा जोर साधारण १४० किलो वजनाएवढा होतो. अर्ध्या किलोचा १४० किलो! आणि स्पीड निम्मा केला तर जोर निम्मा नाही होत, पाव होतो, म्हणजे ३५ किलोच्या आसपास. म्हणूनच मशीन आधी हळू फिरवून कपडे पसरवायचा प्रयत्न करतं, पुन्हा पुन्हा थांबतं, कधीकधी स्पिन घेतच नाही, आणि आपल्याला वाटतं बिघडलं, तर ते बिचारं स्वतःला वाचवत असतं. हेही तेव्हाच कळलं की स्पीड वाढत असताना मध्ये एका टप्प्यावर टब सगळ्यात जास्त डुलतो आणि तो टप्पा पार झाला की उलट शांत होतो. त्यामुळे थोडा वेळ हलणं हा बिघाड नाही, हलतच राहणं हा बिघाड.

मग पाय. तुम्ही वरच्या पत्र्याचे समोरासमोरचे कोपरे तिरके धरून आळीपाळीने दाबलेत आणि मशीन टकटक झुललं, पुढचा एक पाय जमिनीला नीट टेकतच नव्हता. त्याचा लॉक नट, म्हणजे पाय फिरू नये म्हणून आवळायचा नट, सैल होऊन पाय फिरत गेला होता. सगळे पाय जमेल तेवढे आत घ्यायचे कारण लांब पायावर मशीन जास्त डुलतं, मग गरजेपुरतेच बाहेर काढून स्पिरिट लेव्हल (बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारी पट्टी) दोन्ही दिशांना ठेवून बघायची, आणि शेवटी लॉक नट मशीनच्या बॉडीला टेकेपर्यंत वर घट्ट करायचा, हे शेवटचं बहुतेक जण विसरतात म्हणालात. पायांखाली ठेवायचे रबरी पॅड विकत आणू का विचारलं तर तुमचं स्पष्ट उत्तर, आधी लेव्हल, पॅडने फार तर सरकणं कमी होईल, मूळ दुखणं जाणार नाही. मला हे फार पटलं, कारण कुठेही विचारा, पहिला सल्ला पॅडचाच मिळतो.

एवढं झाल्यावर सरकणं थांबलं पण धाडधाड पूर्ण गेली नाही, आणि इथे दुसऱ्या कोणी "आता ठीक आहे" म्हणून हात झटकले असते. तुम्ही मात्र दार उघडून टब हाताने खाली दाबला आणि सोडला. चांगल्या मशीनमध्ये तो वर येऊन लगेच स्थिर होतो, आमचा खालीवर खालीवर होतच राहिला. शॉकअप गेलेत, म्हणालात. गाडीला असतात तसेच, टबच्या खाली, टब आणि बॉडीच्या मध्ये. स्प्रिंग टबला तोलून धरते आणि शॉकअप त्याचं डुलणं खाऊन टाकतो, तो दमला की टब जाऊन बॉडीवर आपटतो.

दुसऱ्या दिवशी आपण ते बदलले तेव्हा तुम्ही घाई अजिबात करू दिली नाहीत. प्लग काढला, नळ बंद, फिल्टरमधून उरलेलं पाणी काढलं, हातात ग्लोव्हज कारण आतल्या पत्र्याच्या कडा कापतात, आणि मशीन कलवताना दोघं जण पाहिजेतच, कारण टबला काँक्रीटचं वजन लावलेलं असतं. ते वजन मी पहिल्यांदाच बघितलं. इतका जड दगड मुद्दाम आत ठेवलेला असतो, टबने कमी हलावं म्हणून! त्याचे बोल्टही तुम्ही तपासलेत, ते सैल झाले तरी असाच धडधडाट होतो म्हणून. जुना शॉकअप तुम्ही माझ्या हातात दिलात, ओढून बघ म्हणालात, तर तो आतबाहेर सुळसुळ सरकत होता, आणि नवा ओढायला चांगलाच जोर लागला. त्या एका गोष्टीने जे कळलं ते कुठलं पुस्तक वाचून कळलं नसतं. एकच खराब दिसला तरी जोडी बदलायची आणि पार्ट मागवताना दाराजवळच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पूर्ण द्यायचा, हे दोन्ही वहीत लिहून ठेवलंय.

आणि बेअरिंगच असतं तर तुम्ही हात लावला नसतात हेही सांगितलंत. त्याला अख्खा टब बाहेर काढावा लागतो, काही मशीनचा टब तर चिकटवून बंद केलेला असतो, ते जाणकाराचं काम. कुठे थांबायचं हे इतक्या स्पष्टपणे सांगणारं माणूस मला क्वचितच भेटलंय.

आईला तुम्ही कपडे भरायचं सांगितलंत तेही ती पाळतेय. एकटी जाड चादर किंवा एकटं पायपुसणं टाकायचं नाही, ते पाणी पिऊन एका बाजूला बसतं, सोबत लहान कपडे हवेत. उशीच्या कव्हरची बटणं आणि चेन लावून टाकायची, नाहीतर सगळे कपडे त्यात शिरून एकच गोळा होतो. रेनकोटसारखं पाणी धरून ठेवणारं काही स्पिनला मुळीच लावायचं नाही, त्यात साठलेलं पाणी एकदम एका बाजूला आलं तर मशीन उलटूही शकतं.

ताई, आमचा आवाज इतके दिवस सगळ्यात जास्त तुम्हीच सोसलात आणि तो घालवायलाही तुम्हीच आलात. नुसतं दुरुस्त करून गेला असतात तरी आम्ही आभारी राहिलो असतो, पण तुम्ही प्रत्येक गोष्ट आमच्या हातून करून घेतलीत, पाना माझ्या हातात दिलात, आईला टब दाबून बघायला लावलंत. आता स्पिन चालू असताना आम्ही त्याच खोलीत फोनवर बोलतो. पुढच्या आठवड्यात मावशीकडे जायचंय, तिचंही मशीन हलतं म्हणाली, स्पिरिट लेव्हल घेऊन जातेय. काही अडलं तर तिथून तुम्हाला फोन करेन, चालेल ना?

खूप खूप आभार ताई.

तुमच्या वरच्या मजल्यावरची