झिओलाइटच्या पाकिटाची पुढची बाजू आणि मागची बाजू

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : ‘गोड्या व खाऱ्या पाण्यासाठी’ म्हणून विकलेले अमोनिया रिमूव्हर खाऱ्या पाण्यात निरुपयोगी असल्याबाबत

महोदय/महोदया,

माशांच्या टँकसाठी आपल्या कंपनीच्या झिओलाइटची (अमोनिया धरणाऱ्या खनिजाची) ५०० ग्रॅमची दोन पाकिटे मुलुंडच्या दुकानातून घेतली. बिल सोबत जोडले आहे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत छापले आहे : ‘गोड्या व खाऱ्या पाण्यातील अमोनिया २४ तासांत शोषून घेते.’ मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सूचना आहे : ‘माल संपृक्त झाल्यावर १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून २४ तास बुडवून ठेवा, पुन्हा वापरता येतो.’

या दोन ओळी छापण्याआधी एकाच माणसाने वाचलेल्या दिसत नाहीत. मिठाच्या पाण्यात झिओलाइटने धरलेला अमोनियम सुटतो आणि त्याच्या जागी सोडियम बसतो, म्हणून तर मागची सूचना बरोबर आहे. मग लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या समुद्री टँकमध्ये हाच माल अमोनिया धरणार कसा? त्या पाण्यात लिटरमागे १० ग्रॅमहून जास्त सोडियम असते आणि अमोनिया अगदी २ पीपीएमवर गेला, तरी तो असतो लिटरमागे २ मिलिग्रॅम. एका अमोनियम आयनामागे जवळपास चार हजार सोडियम आयन त्याच जागेसाठी उभे असतात.

माझा टँक २०० लिटरचा, क्षारता १.०२५ (विशिष्ट गुरुत्व), तापमान २८ अंश, पीएच ८.२. अमोनियाचे रीडिंग २ पीपीएम होते. दोन्ही पाकिटे फिल्टरमध्ये घालून २४ तासांनीही २. टेस्ट किटवर संशय नको म्हणून बादलीत वेगळी चाचणी घेतली. ३.१ ग्रॅम नवसागर (कल्हईवाल्याकडचा नव्हे, प्रयोगशाळेचा शुद्ध अमोनियम क्लोराइड) १ लिटर आरओ पाण्यात विरघळवला. त्यातले १० मिली ५ लिटरमध्ये टाकले की बरोबर २ पीपीएम होते. एका बादलीत आरओ पाणी, दुसरीत समुद्री मिठाचे पाणी, दोन्हींत ५०-५० ग्रॅम आपला माल आणि एकेक एअरस्टोन. दुसऱ्या दिवशी आरओच्या नळीतला रंग पिवळा, ०.२५ च्या आत. खाऱ्या पाण्याची नळी आदल्या दिवशीइतकीच हिरवी. दोन्ही नळ्यांचा फोटो जोडला आहे.

माल खोटा नाही, हे मुद्दाम नमूद करतो. गोड्या पाण्यात तो चोख काम करतो. पण तिथे वापरलेली पिशवी उद्या कोणी समुद्री टँकमध्ये टाकली, तर धरलेला अमोनिया ती तिथेच ओकेल. पाकिटावर याबद्दल एक शब्द नाही.

झिओलाइटवर अमोनिया संपवणारे जिवाणू बसतात, असे उत्तर आपण द्याल. बसतात, पण त्याला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि ते लाव्हा रॉकवरही बसतात. शिवाय आपल्याच सूचनेप्रमाणे पिशवी मिठाच्या पाण्यात बुडवली की बसलेल्यांनाही फटका बसेल.

फोनवर मिळालेला सल्ला तर जास्त गंभीर आहे. आपल्या प्रतिनिधीने आणखी एक पाकीट घालायला आणि ‘बफर टाकून पीएच ८.३ च्या वर न्यायला’ सांगितले. टेस्ट किट एकूण अमोनिया दाखवते, म्हणजे अमोनियम आणि मुक्त अमोनिया मिळून. कल्ले जाळतो तो त्यातला मुक्त अमोनिया. पीएच ८.२ आणि २८ अंशांना तो एकूणाच्या ७-८ टक्के असतो. पीएच ७.८ वरून ८.३ वर नेला की तो जवळपास तिप्पट होतो. अमोनिया चढलेला असताना बफर टाकणे म्हणजे आगीत तेल.

माझे दोन्ही क्लाउनफिश वाचले ते पाणी बदलल्यामुळे. खाणे बंद ठेवले आणि १०० लिटर आरओ पाण्यात ३.६ किलो समुद्री मीठ घालून, वेव्हमेकरने रात्रभर फिरवून, तापमान व क्षारता जुळवून निम्मे पाणी बदलले. २ चे १ झाले, दुसऱ्या दिवशी तसेच केल्यावर ०.५. एवढे दोन वाक्यांत पाकिटावर छापता येईल.

माझ्या मागण्या अशा : दोन्ही पाकिटांचे पैसे परत मिळावेत, पाकिटावरील ‘व खाऱ्या’ हे शब्द काढावेत, दुकानांत असलेल्या मालावर तसे स्टिकर लावावे आणि पीएच वाढवण्याचा सल्ला फोनवर देणे आजपासून थांबवावे. माशांची भरपाई मागत नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. उरलेला माल जपून ठेवला आहे, आपला माणूस पाठवून तपासून घ्यावा. बादल्या आणि नवसागर माझ्याकडे आहेतच.

कळावे,
आपला ग्राहक
मुलुंड (पूर्व), मुंबई